अल्झायमरग्रस्त मेंदूतील मूक झटके : दुर्लक्षित लक्षणाचा नव्याने शोध

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरी एक अनुभव वारंवार येतो. चार दिवस आजोबांना बऱ्यापैकी आठवते, नातवंडांची नावे ते अचूक घेतात. आणि पाचव्या दिवशी सकाळी उठल्यावर मात्र स्वतःचेच घर त्यांना अनोळखी वाटू लागते. कधी बोलता बोलता ते मध्येच थबकतात, क्षणभर शून्यात पाहत राहतात आणि मग काहीच घडले नाही अशा रीतीने पुन्हा बोलू लागतात. आजारच तसा आहे, असे म्हणून कुटुंबीय आणि काही वेळा डॉक्टरही या चढउतारांकडे दुर्लक्ष करतात.

गेल्या सुमारे दोन दशकांतील संशोधनाने या चढउतारांमागील एका संभाव्य कारणाकडे लक्ष वेधले आहे. अल्झायमरच्या काही रुग्णांच्या मेंदूत अपस्मारात आढळते तशी असामान्य विद्युतक्रिया सुरू असते. हातपाय आखडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही, रुग्ण खाली कोसळतही नाही. पाहणाऱ्याला काही कळत नाही आणि खुद्द रुग्णालाही त्याची जाणीव नसते. ही क्रिया आढळलेल्या रुग्णांची विचारशक्ती इतर रुग्णांपेक्षा अधिक वेगाने क्षीण होते, असे दिसून आल्याने तिचे महत्त्व वाढले आहे. अल्झायमर पूर्णपणे बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. अपस्मारावर मात्र औषधे उपलब्ध आहेत. ती औषधे अल्झायमरच्या निदान काही रुग्णांना उपयोगी पडतील काय, हा आता संशोधकांपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.

मेंदूचा वेग आणि लगाम

मानवी मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. या पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युतसंकेतांच्या आणि रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने संपर्क साधतात. काही पेशी शेजारच्या पेशींना उत्तेजित करतात, तर काही पेशी त्यांना शांत करतात. उत्तेजनासाठी प्रामुख्याने ग्लुटामेट आणि नियंत्रणासाठी गाबा हे द्रव्य वापरले जाते. घोडागाडीला जशी घोड्याची गती हवी तसाच लगामही हवा, त्याचप्रमाणे मेंदूचे कार्य या दोन प्रकारच्या पेशींच्या समतोलावर अवलंबून असते.

हा समतोल बिघडला की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात संकेत पाठवू लागतात. हा उद्रेक मेंदूच्या मोठ्या भागात पसरला तर आकडी किंवा झटका येतो. परंतु तो लहानशा भागापुरता आणि अल्पकाळ टिकणारा असेल तर बाहेरून कोणतेही चिन्ह दिसत नाही. केवळ मेंदूच्या विद्युत आलेखावर एखादी टोकदार लहर उमटते. अत्यल्प काळ टिकणाऱ्या अशा लहरींना अपस्मारसदृश लहरी म्हटले जाते.

मेंदूचा हा आलेख, म्हणजेच ईईजी, प्रथम नोंदवण्याचे श्रेय जर्मनीतील येना येथील मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांना दिले जाते. त्यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युतलहरींची पहिली नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोक्याच्या त्वचेवर चिकटवलेल्या छोट्या चकत्यांद्वारे ही चाचणी केली जाते. तिच्यात वेदना होत नाहीत आणि मेंदूत वीजही सोडली जात नाही.

जुनी समजूत

अल्झायमरचा इतिहासही जर्मनीतच सुरू होतो. फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात १९०१ मध्ये दाखल झालेल्या ऑगुस्टे डेटर या ५१ वर्षीय महिलेची विस्मृती आणि संभ्रम यांचा डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी बारकाईने अभ्यास केला. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा त्यांना पेशींबाहेर साचलेल्या गुठळ्या आणि पेशींच्या आतील तंतूंचे गुंते आढळले. गुठळ्या अमायलॉइड बीटा या प्रथिनांशाच्या आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात, हे पुढे अनेक दशकांनी स्पष्ट झाले.

त्यानंतरचे बहुतेक संशोधन या दोन प्रथिनांभोवतीच केंद्रित राहिले. अल्झायमरच्या काही रुग्णांना आकडी येते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. परंतु मेंदूची बरीच हानी झाल्यावर, आजाराच्या अखेरच्या टप्प्यात उद्भवणारा तो एक परिणाम आहे, असे मानले जात असे. अल्झायमरमध्ये मेंदूचे कार्य मंदावते, अशीच सर्वसाधारण समजूत होती. मेंदूचा काही भाग मंदावण्याऐवजी अतिसक्रिय होत असेल, ही कल्पना त्या काळी फारशी विचारात घेतली गेली नाही.

उंदरांच्या मेंदूत आढळलेले सत्य

या समजुतीला मोठा धक्का २००७ मध्ये बसला. सॅन फ्रान्सिस्को येथील ग्लॅडस्टोन संस्थेत होर्हे पालोप, लेनार्ट मुके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मानवी अमायलॉइड निर्माण व्हावे यासाठी जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. वरकरणी हे उंदीर शांत दिसत होते. प्रत्यक्षात त्यांच्या मेंदूत अपस्माराचे झटके येत होते आणि त्यात स्मृतीचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस हा भागही गुंतलेला होता. झटके येत असूनही शरीरात हालचाल होत नसल्यामुळे ते तोवर लक्षात आले नव्हते.

पुढील वर्षी म्युनिक येथील संशोधकांनी अशाच प्रकारच्या उंदरांमधील एकेका चेतापेशीच्या सक्रियतेचे निरीक्षण केले. काही पेशी खरोखरच मंदावल्या होत्या. परंतु सुमारे एक पंचमांश पेशी अतिसक्रिय झाल्या होत्या आणि या अतिसक्रिय पेशी अमायलॉइडच्या गुठळ्यांच्या अगदी जवळ होत्या.

हे का घडते, याचे एक उत्तर २०१२ मध्ये पुढे आले. इतर पेशींना शांत करणाऱ्या, म्हणजे लगामाचे काम करणाऱ्या विशिष्ट पेशींमध्ये सोडियमचा प्रवाह नियंत्रित करणारे एक प्रथिन कमी झाल्याचे मुके यांच्या गटाला आढळले. हे प्रथिन उंदरांप्रमाणेच अल्झायमरने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूतही घटलेले होते. उंदरांमध्ये त्याचे प्रमाण पूर्ववत केले असता असामान्य लहरी घटल्या आणि स्मृतीतही सुधारणा झाली.

रुग्णांच्या नोंदी काय सांगतात

उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणूनच कीथ वॉसेल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतील त्यांचे सहकारी यांनी रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, ज्या रुग्णांना स्मृतिदोषाबरोबरच अपस्मारही होता, त्यांच्यात विस्मृतीची सुरुवात इतर रुग्णांपेक्षा सुमारे साडेपाच ते सात वर्षे आधी झाल्याचे आढळले. झटके आजाराच्या अखेरीस नव्हे, तर बरेचदा सुरुवातीच्या काळातच दिसू लागले होते. विशेष म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये हे झटके आचकेविरहित होते.

याच गटाचा २०१६ मधील अभ्यास अधिक महत्त्वाचा ठरला. या वेळी ज्यांना अपस्माराचा कोणताही पूर्वेतिहास नाही, अशा ३३ अल्झायमरग्रस्तांची आणि त्याच वयोगटातील १९ निरोगी व्यक्तींची तपासणी करण्यात आली. रात्रभर ईईजी आणि चित्रीकरण करण्यात आले, तसेच मेंदूतील चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक तासाची चाचणीही घेण्यात आली. रुग्णांपैकी ४२.४ टक्के व्यक्तींमध्ये अपस्मारसदृश लहरी आढळल्या. निरोगी व्यक्तींमध्ये हे प्रमाण १०.५ टक्के होते.

त्यानंतर या रुग्णांचा काही वर्षे मागोवा घेण्यात आला. स्मृती व आकलन तपासणाऱ्या ३० गुणांच्या प्रचलित चाचणीत, मूक लहरी असलेल्या रुग्णांचे दरवर्षी सरासरी ३.९ गुण कमी होत होते. ज्यांच्यात अशा लहरी नव्हत्या त्यांचे १.६ गुण. म्हणजेच ऱ्हासाचा वेग दुपटीहून अधिक होता. एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ, आई किंवा वडील स्वतःची कामे स्वतः करू शकतील असा काळ लक्षणीयरीत्या कमी होणे, असा होतो.

या आकड्यांकडे सावधपणे पाहणे मात्र आवश्यक आहे. अभ्यासातील रुग्णांची संख्या मर्यादित होती आणि त्यांपैकी अनेकांना आजार तुलनेने कमी वयात जडला होता. अन्य काही अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी आढळले आहे. चाचणी किती वेळ केली, झोपेत केली की जागेपणी, आणि आलेख वाचताना कोणते निकष लावले, यांवर निष्कर्ष बराच अवलंबून असतो.

कवटीच्या आतून ऐकताना

नेहमीच्या ईईजीत या लहरी का सापडत नाहीत, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या बाजूच्या खंडात खोलवर असतो. तेथील क्षीण विद्युतसंकेत मेंदूचे थर, कवटीचे हाड आणि त्वचा ओलांडून बाहेर येईपर्यंत बहुतांशी विरून जातात. शिवाय नेहमीची चाचणी साधारणतः २० ते ३० मिनिटांची आणि बहुधा दिवसा केली जाते. मूक लहरींचे प्रमाण मात्र झोपेत वाढते.

बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील अ‍ॅलिस लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचा थेट पुरावा सादर केला. अल्झायमर असलेल्या, परंतु अपस्माराचा पूर्वेतिहास नसलेल्या दोन रुग्णांमध्ये, कवटीच्या तळाशी असलेल्या नैसर्गिक छिद्रांतून बारीक तारा हिप्पोकॅम्पसच्या जवळ नेण्यात आल्या. डोक्यावरील चकत्यांच्या आलेखात झटक्यांची खूण नव्हती. आतील तारांनी मात्र हिप्पोकॅम्पसमधील झटके आणि असंख्य टोकदार लहरी नोंदवल्या. त्या प्रामुख्याने झोपेत घडत होत्या. औषधोपचारानंतर एका रुग्णाचे झटके थांबले. दुसऱ्या रुग्णाच्या मनःस्थितीवर विपरीत परिणाम झाल्याने औषध बंद करावे लागले. केवळ दोन रुग्णांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नसला, तरी बाहेरून शांत दिसणाऱ्या मेंदूच्या आत काय चालू असू शकते, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

झोपेतील लहरींचा मुद्दा दुय्यम नाही. दिवसभरात घेतलेले अनुभव झोपेच्या काळात हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यातील देवाणघेवाणीतून पक्के होतात. या कामात विशिष्ट तालबद्ध लहरींचा वाटा असतो. त्याच वेळी असामान्य लहरी उमटू लागल्या तर आठवण पक्की होण्याच्या प्रक्रियेत व्यत्यय येणे संभवते.

कारण की परिणाम?

अल्झायमरमुळे झटके येतात की झटक्यांमुळे अल्झायमर बळावतो, या प्रश्नाचे आज दिले जाणारे उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. अमायलॉइडमुळे पेशी अतिसक्रिय होतात, हे वर आलेच आहे. याच्या उलट, चेतापेशींची सक्रियता वाढली की त्यांच्या सभोवतालच्या द्रवातील अमायलॉइडचे प्रमाणही वाढते, हे अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्येच उंदरांमध्ये दाखवले होते. सक्रिय पेशींमधून टाऊ प्रथिनही अधिक प्रमाणात बाहेर पडते, असे त्यानंतरच्या प्रयोगांत आढळले. अशा प्रकारे एक दुष्टचक्र तयार होण्याची शक्यता आहे.

झटका अल्पकाळ टिकत असला तरी त्याचा परिणाम मात्र रेंगाळतो. ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील जीनी चिन यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांवर केलेल्या संशोधनानुसार, झटक्यांनंतर हिप्पोकॅम्पसमध्ये एक दीर्घकाळ टिकणारे प्रथिन साचते आणि ते स्मृतीसाठी आवश्यक असलेल्या जनुकांचे कार्य दडपते. अधूनमधून येणाऱ्या झटक्यांमुळेही स्मृती सतत क्षीण का राहते, याचा उलगडा यातून होऊ शकतो.

औषधाची आशा आणि मर्यादा

अपस्मारावर अनेक वर्षांपासून वापरात असलेले लेव्हेटिरासेटाम हे औषध या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. २०१२ मध्ये ग्लॅडस्टोन संस्थेतील प्रयोगांत या औषधाने अल्झायमरसदृश उंदरांमधील असामान्य लहरी कमी केल्या आणि स्मृतीतील दोषही भरून काढले. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी, सौम्य स्मृतिदोष असलेल्या व्यक्तींना हे औषध अल्प मात्रेत दिल्यावर हिप्पोकॅम्पसमधील अतिसक्रियता घटून स्मृतिचाचणीतील कामगिरी सुधारल्याचे नमूद केले.

वॉसेल यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अल्झायमरच्या ३४ रुग्णांचा समावेश होता. त्यांना १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चार आठवडे देण्यात आली. काही काळाच्या खंडानंतर, किंवा त्याआधी, तेवढेच दिवस औषधविरहित गोळी देण्यात आली. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता औषधाचा लाभ दिसून आला नाही. मात्र ज्यांच्या मेंदूत अपस्मारसदृश लहरी आढळल्या होत्या, त्यांची एकाग्रतेच्या आणि मार्ग लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांतील कामगिरी औषध घेत असताना सुधारली.

हा निष्कर्ष आशादायक असला तरी अंतिम नाही. तो लहान उपगटापुरता आहे आणि उपचाराचा काळही अल्प होता. आजाराचा दीर्घकालीन वेग या औषधाने मंदावतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणूनच अल्झायमरच्या प्रत्येक रुग्णाला हे औषध द्यावे, असे कोणीही सुचवत नाही. त्यामुळे चिडचिड, नैराश्य, गुंगी असे त्रास होऊ शकतात आणि मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या वृद्धांमध्ये मात्रा बदलावी लागते. अपस्मारावरील काही जुनी औषधे, उदाहरणार्थ फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन, वृद्धांच्या आकलनशक्तीवर प्रतिकूल परिणाम करू शकतात. शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला लागू पडलेली गोळी परस्पर सुरू करणे धोक्याचे आहे. तसेच चालू असलेली गोळी एकाएकी बंद करणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण त्यामुळे तीव्र झटके येऊ शकतात.

कुटुंबीयांनी काय पाहावे

मूक विद्युतलहरी डोळ्यांना दिसत नाहीत. तथापि, सौम्य झटक्यांची काही चिन्हे जवळच्या माणसाच्या लक्षात येऊ शकतात. एकाएकी थबकून शून्यात पाहणे आणि हाक मारल्यास प्रतिसाद न देणे. ओठ चावल्यासारखे करणे किंवा काहीतरी चघळल्यासारखी तोंडाची हालचाल. हातांनी कपडे चाळवत राहणे. काही क्षण वाचा जाणे. झोपेतून उठताच थोडा वेळ काहीही न आठवणे. झोपेत अंग एकदम दचकणे. वारंवार तोच विचित्र वास किंवा चव जाणवणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. असे प्रसंग थोडा वेळ टिकतात, बहुधा एकसारखेच असतात आणि पुन्हा पुन्हा घडतात.

प्रत्येक चढउतार झटक्यामुळेच होतो, असे मात्र नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम कमी होणे, अपुरी झोप, नव्याने सुरू केलेले एखादे औषध, अर्धांगवायूचा सौम्य आघात किंवा स्मृतिभ्रंशाचा दुसरा प्रकार यांमुळेही एकाएकी संभ्रम निर्माण होतो. म्हणून असा प्रसंग घडल्यास त्याची तारीख, वेळ आणि कालावधी वहीत लिहून ठेवणे, शक्य असल्यास मोबाइलवर चित्रीकरण करणे आणि ही माहिती मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे उपयुक्त ठरते. गरज वाटल्यास झोपेतील दीर्घकाळच्या ईईजीविषयी त्यांच्याशी चर्चा करता येते.

मोठी आकडी आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे आणि आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा घालणे, पाणी पाजणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे हे प्रकार टाळावेत. आकडी पाच मिनिटांहून अधिक काळ टिकल्यास किंवा शुद्ध न येता दुसरी आल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.

भारतापुढील आव्हान

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होते आणि त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमर हे कारण असू शकते. भारतातील राष्ट्रव्यापी सर्वेक्षणावर आधारित, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. शहरांच्या तुलनेत ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले.

यांपैकी अनेकांचे निदानच होत नाही. विसरभोळेपणा हा म्हातारपणाचाच भाग समजला जातो. रात्रभराच्या ईईजीची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरती मर्यादित आहे. त्यातच अपस्माराभोवतीचा सामाजिक कलंक आजही पूर्णपणे दूर झालेला नाही. घरातील वृद्धाला ‘फिट’ येते, हे सांगण्यास कुटुंबे कचरतात आणि उपचाराची एक संधी हातची जाते.

रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी काही आधार उपलब्ध आहेत. १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मार्गदर्शन करते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, तर मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ ही टेली-मानस सेवा आहे.

मूक झटक्यांच्या शोधामुळे अल्झायमरवर रामबाण उपाय सापडलेला नाही. परंतु हा आजार सर्व रुग्णांमध्ये एकसारखा नसतो आणि त्याच्या ऱ्हासाचा प्रत्येक घटक अटळ नसतो, हे या संशोधनाने स्पष्ट केले आहे. कोणत्या रुग्णाला उपचाराचा खरोखर लाभ होईल, हे ठरवण्यासाठी मोठ्या आणि दीर्घकाळच्या चाचण्यांची आवश्यकता आहे. त्यांचे निष्कर्ष येईपर्यंत, ‘आजारच तसा आहे’ असे म्हणून दुर्लक्ष करण्यापूर्वी रुग्णाच्या वागण्यातील क्षणिक बदलांची नोंद घेणे आणि ती डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला करता येण्याजोगे आहे.